टक् वाजतं, इंजिन फिरत नाही: आधी ऐक, मग पाना उचल

पोरी, गाडी आता तुझ्या हातात आली आहे, तर एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. कधी ना कधी, नेमकी घाई असताना, तू चावी फिरवशील, डॅशबोर्डवरचे दिवे लागतील आणि बोनेटखालून नुसतं ‘टक्’ येईल. इंजिन जागचं हलणार नाही. तेवढ्यात चार माणसं जमतील. एक म्हणेल बॅटरी गेली, दुसरा म्हणेल सेल्फ गेला, तिसरा म्हणेल उतर, धक्का मारू. बोनेट मात्र कुणी उघडलेलं नसेल. त्या वेळी माझं एकच ऐक: तपासल्याशिवाय एकही पार्ट बदलू नकोस. हा दोष बहुतेक वेळा घरच्या घरी सापडतो. त्याला दोन कान, गाडीचे हेडलाइट, दहा नंबरचा पाना आणि एक स्वस्तातला मल्टिमीटर एवढं पुरतं.

आधी समजून घे, टक् वाजतं कशानं

पूर्वी इंजिन हँडल मारून सुरू करत. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला विजेवर फिरणारा स्टार्टर, म्हणजे आपण म्हणतो तो सेल्फ, कारखान्यातूनच बसवून आला. तो चार्ल्स केटरिंग यांनी तयार केला होता. आपल्याकडे अँबॅसिडरला हँडलची सोय त्यानंतरही कित्येक वर्षं होती. आजच्या गाडीला ती नाही, म्हणून सेल्फची रचना डोक्यात असलेली बरी.

तू चावी फिरवतेस तेव्हा बारीक वायरीतून थोडा करंट सेल्फवरच्या सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड दोन कामं करतो. सेल्फचा लहान गिअर पुढे ढकलून तो फ्लायव्हीलच्या दात्यांत बसवतो, आणि पुढे सरकता सरकता शेवटी तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट एकमेकांना जोडतो. ते जोडले की बॅटरीचा सगळा जोर जाड केबलमधून मोटरमध्ये येतो आणि इंजिन फिरतं. ‘टक्’ हा त्या सोलेनॉइडच्या धावेचा आवाज आहे.

म्हणून टक् ऐकू आलं की अर्धा तपास झालाच. चावी, स्विच, बारीक वायर, रिले यांनी आपलं काम केलेलं आहे. आता संशयित उरतात ते पाच: बॅटरीचा जोर, जाड केबल आणि तिचे सांधे, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, सेल्फची मोटर, आणि क्वचित अडकलेलं इंजिन. तपास याच क्रमाने कर, कारण खर्चही बहुतेक याच क्रमाने वाढत जातो.

पहिला मंत्र: आवाज मोज

रेडिओ, एसी, पंखा बंद कर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. काच खाली कर आणि चावी दोन सेकंद फिरवून धर.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर संशय बॅटरीवर किंवा टर्मिनलवर घ्यायचा. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा होतं, म्हणून तो खडखडाट.

एकच ठसठशीत ‘टक्’ आला आणि पुढे शांतता, तर संशय सेल्फकडे, जाड केबलकडे किंवा अर्थिंगकडे सरकतो. अगदी बारीक, कोरडं ‘टिक्’ डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून येत असेल तर तो नुसता रिले आहे. सोलेनॉइडपर्यंत करंट पोचलेलाच नाही. आवाज नक्की कुठून येतो हे आत बसून कळत नाही. दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांग आणि तू बोनेटपाशी उभी राहा. ओढणी, केस, बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेव.

काहीच आवाज नसेल तर तो वेगळा आजार. मग क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे का, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतो आहे का, एवढं आधी बघ.

दुसरा मंत्र: हेडलाइट खोटं बोलत नाहीत, पण त्यांना नीट विचारावं लागतं

‘दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ हे वाक्य तुला शंभर जण ऐकवतील. चूक आहे ते. जुन्या पद्धतीचे दोन हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मात्र शंभर ते दोनशे अँपिअर मागतो आणि डिझेलचा त्याहून बराच जास्त. दहा देऊ शकणारी बॅटरी दीडशे देईलच असं नाही.

खरी परीक्षा अशी घ्यायची. हेडलाइट लाव, गाडी भिंतीसमोर असेल तर उजेड भिंतीवर पडू दे, आणि चावी फिरवताना उजेडाकडे बघ. उजेड मरगळला किंवा विझलाच, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टक् वाजूनही उजेड जसाच्या तसा राहिला, तर बॅटरीतला करंट मोटरपर्यंत जातच नाही: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत, सेल्फच्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेत किंवा केबल तुटली आहे. आणि बॅटरी भरलेली असल्याची खात्री असूनही एका टक् बरोबर उजेड खाली बसला, तर मोटर करंट ओढते आहे पण फिरत नाही. मग सेल्फ जाम आहे किंवा इंजिनच अडकलं आहे.

तिसरा मंत्र: नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल साफ कर

बॅटरीच्या खांबांवर पांढरी, हिरवट-निळी पूड जमलेली दिसते ना, ती करंटची वाट अडवते. टाकी भरलेली असून नळाला धार बारीक येते ती पाइपात क्षार साचल्यामुळे, इथेही तेच. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टर्मिनलच्या आतल्या बाजूलाही काळा थर असतो, म्हणून नुसतं बघून पास करायचं नाही. आधी हाताने पिळून बघ. क्लॅम्प बोटांनी हलला तर दोष तिथेच आहे.

साफ करायची रीत पाठ करून ठेव. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेव. पाना किंवा दागिना धन टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये आला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. गाडी पूर्ण बंद. ऋण टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं. फेस येतो तो सोडा आम्लाला मारतो म्हणून. झाकणाच्या फटीतून सोडा बॅटरीच्या आत जाऊ द्यायचा नाही. स्वच्छ पाण्याने पुसून, पूर्ण कोरडं करून, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकवायची, मग घट्ट आवळायचं. शेवटी वरून व्हॅसलीनचा पातळ हात. डोळ्यांना चष्मा असू दे, आणि ती पूड लागलेला हात डोळ्यांना लावू नकोस.

इतकं करूनच कितीतरी गाड्या पहिल्या चावीला उठतात.

चौथा मंत्र: मीटर लाव, अंदाज सोड

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेव. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन खांबांवर टोकं लाव. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच चालवून आणली असशील तर हा आकडा फसवा येतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद कर आणि मग मोज.

याहून मोलाचा आकडा सेल्फ मारतानाचा. कुणाला तरी चावी फिरवायला सांग आणि मीटरवर नजर ठेव. ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी रिकामी आहे किंवा थकली आहे. रात्रभर चार्ज करून पुन्हा मोज. पूर्ण चार्ज होऊनही तशीच कोसळली तर तिचं आयुष्य संपलं, मग नवी घे. टक् वाजतं आणि मीटर बारा-साडेबारावरच थांबतो, तर बॅटरीला दोष देऊ नकोस.

सांधा तपासायचा असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मार. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर तो सांधाच करंट खातो आहे.

पाचवा मंत्र: अर्थिंग विसरू नकोस

माणसं लाल केबल बघतात आणि काळी विसरतात. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, आणि तो परत येतो इंजिनापासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि चार पावसाळे काढलेल्या गाडीत ही पट्टी गंजते, बोल्टखाली माती बसते.

तपास सोपा आहे. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूवर लाव. आता सेल्फ मार. इंजिन फिरलं तर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही निर्दोष, दोष पट्टीचा. पट्टी बदलायला फारसा खर्च येत नाही.

सहावा मंत्र: जंप देताना क्रम चुकवू नकोस

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत आणि दोन्ही बंद हव्यात. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन खांबाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन खांबाला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण खांबाला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून ते टोक बॅटरीजवळ नको. जवळपास विडी-सिगारेट तर अजिबात नको. मग चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांब आणि आपली सुरू कर. काढताना उलट क्रम.

हायवेवर एखादा ट्रकवाला मदतीला थांबेल. त्याचे आभार मान, पण त्याच्या बॅटरीवरून जंप घेऊ नकोस. मोठ्या ट्रक-बसमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. तुझ्या १२ व्होल्टच्या गाडीतले कॉम्प्युटर त्याने जळतील. आणि फुगलेली, तडकलेली, कुजक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी दिसली तर केबल लावायचीच नाही, लांब व्हायचं.

जंप दिल्यावर सेल्फ जोरात फिरला तर दोष बॅटरीकडे आहे. नीट जोडूनही तसंच एकुलतं ‘टक्’ आलं तर सेल्फकडे वळ.

सातवा मंत्र: धक्का हा शेवटचा उपाय

धक्का फक्त गिअरच्या गाडीला. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. इग्निशन ऑन, गिअर दुसरा, क्लच दाबलेला. गाडी वेगात आली की क्लच पटकन सोड आणि इंजिन लागताच पुन्हा दाब. चावी ऑन नसेल तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही जड लागतात, म्हणून उतारावर किंवा गर्दीत हा प्रयोग नको. आजच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर यांनाही वीज लागते. बॅटरी ठार रिकामी असेल तर कितीही ढकलली तरी उठणार नाही. पुन्हा पुन्हा ढकलत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा भाग बाद होतो.

आठवा मंत्र: सेल्फ जाम असेल तर

सगळं तपासून झालं, बॅटरी दणकट, सांधे चमकदार, अर्थिंग चोख, तरी एकच टक्. मग गाडी सपाट जागी घे, चावी काढ, चौथा गिअर टाक, हँडब्रेक सोड आणि गाडी पुढेमागे हलव. दात्यांत अडकलेला सेल्फचा गिअर याने पुष्कळदा सुटतो. गाडी हलायलाच तयार नसेल तर इंजिन अडकलं असण्याची शक्यता आहे. तिथे थांब आणि गाडी टो करून ने.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे सेल्फला हलकीशी टिचकी. एकाने चावी फिरवून धरायची, दुसऱ्याने लाकडी दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकं ठोकायचं. झिजलेले कार्बन क्षणभर जागेवर येतात आणि मोटर फिरते. हातोडीने ठोकू नकोस, कारण बऱ्याच सेल्फमध्ये आत कायम चुंबक असतात आणि ते तडकतात. आणि ही युक्ती घरी किंवा गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतीच. उद्या ती चालेलच असं नाही.

सोलेनॉइडचे दोन बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडून सेल्फ फिरवणारे कारागीर तुला दिसतील. तू ते करायचं नाहीस. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते.

सेल्फ उतरवायची वेळ आली तर लगेच नवा घेऊ नकोस. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तो उघडून कार्बन, बुश, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलून देतो. आर्मेचर जळालं असेल तरच नव्याचा विचार. जुने सुटे भाग परत मागून घे आणि स्वतः डोळ्यांनी बघ.

नववा मंत्र: पाण्यातून आलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही

हा एक मंत्र बाकी सगळ्यांच्या वरचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. तेवढा पाऊस नसला तरी हिंदमाता आणि मिलन सबवेत पाणी तुंबतंच. अशा पाण्यात गाडी बंद पडली आणि चावी फिरवल्यावर ‘टक्’ करून थांबली, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल असं धरून चाल. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तू हट्टाने सेल्फ मारत राहिलीस तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. साध्या विमा पॉलिसीत हा खर्च बहुधा धरत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. चावी काढ, जमलं तर बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडव, आणि गाडी उचलून न्यायला सांग.

दहावा मंत्र: उठली, आता पुन्हा का बसली ते शोध

जंपने गाडी उठली म्हणजे आजार गेला असं नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेराच्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघ. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो चेक’ करणाऱ्याला तिथेच थांबव. व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

उभी गाडीही थोडा करंट पीत असते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. म्हणजे ३५ अँपिअर-तासांची लहान बॅटरी दोन आठवड्यांत अर्ध्यावर येते. त्यात डॅशकॅम, ट्रॅकर लावले की आणखी लवकर. म्हणून २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या इतक्या गाड्या उठल्या नाहीत. लांब गावाला जाणार असशील तर ऋण टर्मिनल काढून ठेव.

उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नकोस. प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. अर्धा तास गाडी फिरवून ती भरत नाही, चार्जरवर सावकाश भरावी लागते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाल, नळाचं नाही. विदर्भातल्या उन्हाळ्याने पाणी आटतं, प्लेटा झिजतात, आणि डिसेंबरच्या गार पहाटे तेल घट्ट झालं की तीच बॅटरी हात टेकते. साधारण तीन-चार वर्षं झाली की दर हिवाळ्याआधी दुकानात लोड टेस्ट करून घे. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला मूळ प्रकारचीच बॅटरी लागते, स्वस्त साधी टाकू नकोस. जुनी बॅटरी भंगारात देऊ नकोस, बॅटरीच्या दुकानातच परत दे. आत शिसं आणि आम्ल असतं, आणि २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबायचं, हे मात्र प्रत्येक गाडीला, प्रत्येक ऋतूत लागू.

आता गॅरेजबद्दल शेवटचं. तिथे जाऊन ‘सुरू होत नाही’ एवढंच सांगू नकोस. टक् एकदा वाजतं की भराभर, दिवे मंदावतात की नाही, जंपने उठली की नाही, हे तिन्ही सांग. चांगल्या कारागिराचा वेळ वाचतो. आणि न तपासता ‘बॅटरी बदला’ म्हणणाऱ्याला एवढंच विचार: सेल्फ मारताना व्होल्ट किती राहिले? त्याने मीटर लावून आकडा दाखवला तर पैसे काढ. नाही दाखवला तर दुसरं गॅरेज गाठ.